हळूमामांचा अर्धा तास

मित्रांनो, मी एक जुना वेगमापक आहे, आणि आरंभीच सांगून टाकतो, मी रडगाणे गायला आलेलो नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की उसासे टाकतात, 'आता आम्हाला कोण विचारतो' म्हणतात. मला तसले काही म्हणायचे नाही. माझी काच तडकली आहे, माझ्या तबकडीवर धूळ बसली आहे, आणि ज्या टेम्पोत मी बसलो आहे त्याच्या मागच्या भागात सध्या एक कोंबडी बिनभाड्याची राहते. असू दे. मी उभ्या आयुष्यात एकदाही खोटे दाखवलेले नाही, आणि ज्यांनी मला खोटे ठरवायचा प्रयत्न केला त्यांना मी पुरून उरलो आहे. ती हकिकत ऐकायची असेल तर बसा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक बाकावर झाला. एका कामगाराने मला तबकडी दिली, दुसऱ्याने काटा दिला, तिसऱ्याने तबकडीखाली आकड्यांची सहा इवलीशी चाके बसवली. काटा सांगतो वेग आणि चाके सांगतात अंतर. बाकाच्या शेवटी तपासणाऱ्या बाई बसत. त्यांच्याजवळ एक फिरणारे यंत्र होते. यंत्राचा वेग ताशी वीस, चाळीस, साठ असा ठरलेला असे आणि आमचा काटा त्याच आकड्यावर आला तरच आमच्यावर हिरवा शिक्का बसे. माझ्या शेजारच्या भावाने साठच्या जागी त्रेसष्ट दाखवले. बाईंनी त्याला टोपलीत टाकले. तीन किलोमीटरने असे काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. मलाही तेव्हा तसेच वाटले होते. पण शिक्का बसला तेव्हा माझी छाती फुगली, हे खोटे कशाला बोलू?

मग मला एका नव्या कोऱ्या टेम्पोत बसवले आणि तो टेम्पो एका पोल्ट्रीत आला. तिथल्या कोंबड्या अंडी देत, ती तीस किलोमीटरवरच्या शहरातल्या मोठ्या दुकानात पोचवायची, एवढेच आमचे काम. अंडी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवत. एका ट्रेला पाच गुणिले सहा असे तीस खळगे असतात, म्हणजे ट्रेमागे तीस अंडी. असे एकशेवीस ट्रे रोज आमच्या पाठीवर चढत.

आमच्या चालकाला सगळे मामा म्हणत. पहिल्याच आठवड्यात मामांनी माझ्याशी एक प्रयोग केला. पहिल्या दिवशी ताशी तीसने गेले, चार ट्रे फुटले. दुसऱ्या दिवशी पंचवीसने गेले, एक ट्रे फुटला. तिसऱ्या दिवशी वीसने गेले, आणि दुकानदाराला तीन हजार सहाशे अंडी अखंड मिळाली. रस्ता अर्धा खड्ड्यांचा आणि अर्धा खडीचा होता, त्याला दुसरा इलाज नव्हता. चौथ्या दिवशी मामांनी घरून बायकोच्या नखांना लावायचा लाल रंग आणला आणि माझ्या काचेवर वीसच्या डोक्यावर एक ठिपका दिला. नटायची हौस मला नव्हती, पण तो ठिपका मला आवडला. येताना टेम्पो रिकामा असे, फुटायला काही नसे, म्हणून मामा दुसऱ्या बाजूच्या गुळगुळीत नव्या रस्त्याने यायचे. तो रस्ताही बरोबर तीस किलोमीटरचा होता, आणि त्यावर मी साठ दाखवत असे. मग भरलेला टेम्पोही त्याच रस्त्याने का नेत नव्हते? नव्या रस्त्यावर मालाने भरलेल्या गाड्यांना सकाळी बंदी होती. मालाने खड्ड्यांतूनच जायचे, असा तिथला नियम होता.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र कबूल करतो. वेग माझ्याकडे होता, अंतर माझ्याकडे होते, पण वेळ माझ्याकडे नव्हती. ती मामांच्या मनगटावर होती. या तिघांपैकी दोघे हाती लागले की तिसऱ्याला लपायला जागा राहत नाही, हे मामांनी पुस्तकातून नव्हे तर माझ्याकडे बघून शिकून घेतले होते. ताशी वीस म्हणजे साठ मिनिटांत वीस किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला तीन मिनिटे. ताशी साठ म्हणजे किलोमीटरला एक मिनिट. बाकीचे काम पाढे करत.

दुकानदाराला नऊला अंडी हवी असत. तीस त्रिक नव्वद, म्हणजे दीड तास, म्हणून साडेसातला निघायचे. दहाव्या किलोमीटरच्या दगडापाशी एक नर्सबाई आम्हाला हात दाखवत. त्यांना बाविसाव्या दगडाजवळच्या फाट्यावर आठ चाळीसची बस गाठायची असे. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, जरा दामटा ना, बस चुकेल. मामांनी मनगटाकडे पाहिले, आठ वाजले होते. "बारा त्रिक छत्तीस," ते म्हणाले, "चार मिनिटं तुम्हाला फाट्यावर उभं राहायला मिळतील, बाई." आणि मिळाली. त्यानंतर नर्सबाईंनी कधी घाई केली नाही.

पोल्ट्रीतल्या लोकांनी मामांचे नाव हळूमामा ठेवले. कोंबडीसुद्धा तुमच्या पुढे पोचेल, असे म्हणत. मामा हसत. टिंगल करणाऱ्यांत कुणाच्या मनात काळेबेरे नव्हते. मालकीणबाई तर पाहुण्यांना टेम्पोपाशी आणून माझ्यावरचा लाल ठिपका दाखवायच्या. अशी एकोणीस वर्षे गेली. माझी चाके लाखालाखांनी फिरली आणि माझ्या काट्याने वीसचा ठिपका कधी ओलांडला असेल, तर तो रिकाम्या टेम्पोतच.

मग भाचेसाहेब आले.

ते मालकीणबाईंच्या बहिणीचे चिरंजीव. बाईंचे वय झाले होते, म्हणून त्यांनी कारभार भाच्याच्या हाती दिला. माणूस वाईट नव्हता. परीक्षेत गणिताची बक्षिसे मिळवलेला, खिशात कायम एक डायरी बाळगणारा, आणि सगळ्या गोष्टी आकड्यांत धरल्या की जग सुधारेल असे मनापासून मानणारा होता. आकड्यांवर माझा राग असायचे कारण नाही, मी स्वतः आकड्यांवर जगतो. माझा राग घाईने केलेल्या आकड्यांवर आहे.

एका सोमवारी भाचेसाहेब टेम्पोच्या दाराशी आले आणि त्यांनी विचारले, जाताना वेग किती? मामा म्हणाले वीस. येताना? साठ. भाचेसाहेबांनी डायरी उघडली. वीस अधिक साठ ऐंशी, त्याचे अर्धे चाळीस, म्हणजे सरासरी वेग चाळीस. जायचे तीस आणि यायचे तीस मिळून साठ किलोमीटर. साठ भागिले चाळीस, दीड तास. दुकानात माल उतरवायला लागतो तो वेळ वेगळा. पण मामा, तुम्हाला नुसत्या जाण्यायेण्यात दोन तास लागतात. रोजचा अर्धा तास तुम्ही कुठे असता?

मामांनी बोटांवर हिशेब केला. जाताना नव्वद मिनिटे, येताना तीस, मिळून दोन तास, एवढे त्यांना ठाऊक होते. पण भाचेसाहेबांच्या बेरजेत त्यांना खोट सापडेना. वीस आणि साठ यांच्या मधोमध चाळीसच येतात, ते काय कुणी नाकारायचे? हिशेब दोन्ही बरोबर दिसत होते आणि मधल्या मध्ये अर्धा तास गायब होता.

दुपारी वजनकाट्याशेजारच्या फळ्यावर कागद लागला. 'टेम्पोच्या फेरीत रोज अर्धा तास वाया जातो. चालकाने शनिवारपर्यंत खुलासा करावा.' त्याच्यासोबत मामांच्या हातात दुसरा कागद दिला गेला. त्यात लिहिले होते, 'कामाच्या वेळेत रोज अर्धा तास मी इतरत्र घालवला, पुन्हा असे होणार नाही.' शनिवारपर्यंत सही करायची, नाहीतर टेम्पोची किल्ली द्यायची. आता कोंबडीचे विनोद बंद झाले. लोक मामांशी बोलताना दुसरीकडे बघू लागले, आणि ते टिंगलीपेक्षा वाईट होते.

मंगळवारी भाचेसाहेबांना वाटले की दोष माझा असावा. हा जुना डबा चुकीचे दाखवत असेल, म्हणाले. जुना डबा! मला हिरवा शिक्का मिळाला तेव्हा हे शाळेत पाढे घोकत होते. त्यांनी मामांच्या शेजारी बसून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजले, हातातल्या घड्याळात पाहिले. दर दगडाला तीन मिनिटे. एकदाही चुकले नाही. दगडांनी माझी साक्ष दिली, घड्याळाने दिली, आणि तरी भाचेसाहेब उतरताना एवढेच म्हणाले की मग दोष माणसाचाच आहे.

बुधवारी मामी डबा घेऊन पोल्ट्रीवर आल्या. मामा टेम्पोतच बसून होते. ट्रेच्या एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने वीस, साठ, चाळीस असे आकडे पुन्हा पुन्हा लिहून ते खोडत होते. मामी डाव्या बाजूच्या आसनावर बसल्या आणि त्यांनी डबा उघडून मध्ये ठेवला.

"सही करून टाका," त्या म्हणाल्या. "नोकरी तर राहील."

"मग तू मला रोज विचारशील, अर्धा तास कुठं होतात म्हणून."

"मी नाही विचारणार."

"ठाऊक आहे. पण मीच मला विचारीन ना." मामांनी पेन्सिल खाली ठेवली. "आता तर मलाही वाटायला लागलंय, की मी मध्येच कुठं झोपत असेन."

मित्रांनो, मला तेव्हा इतका संताप आला की बंद गाडीत काटा हलवता आला असता तर मी तो शंभरावर नेऊन आपटला असता. एकोणीस वर्षांचा साक्षीदार समोर बसला होता, आणि हा भला माणूस माझ्यावर विश्वास टाकायचा सोडून स्वतःवर संशय घेत होता. मला तोंड नव्हते. जे दाखवायचे ते माझे दाखवून झाले होते, आणि वाचणाऱ्यालाच ते जुळवता येत नव्हते.

गुरुवारी भाचेसाहेब स्वतः गाडी चालवायला बसले. सरासरी चाळीस आहे ना, मग दोन्हीकडे चाळीसनेच जाऊ आणि दीड तासात फेरी करून दाखवू, असा त्यांचा बेत होता. मामा शेजारी बसले आणि एवढेच म्हणाले की गाडी तुमची, अंडी तुमची. लाल ठिपका ओलांडून माझा काटा चाळीसवर गेला. मी तेही खरेच दाखवले, मला दुसरे येत नाही. पाठीमागे ट्रे एकमेकांवर आदळत होते, आणि प्रत्येक खड्ड्याला मामा डोळे मिटत होते. बरोबर पंचेचाळीस मिनिटांत आम्ही दुकानापाशी उभे राहिलो. भाचेसाहेबांनी घड्याळ मामांपुढे धरले. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, साहेब, तुमच्या गाडीतून पिवळे गळते आहे.

एकशेवीसपैकी सदतीस ट्रेंची वाट लागली होती. नाचता येईना अंगण वाकडे, तसे भाचेसाहेब येताना रस्त्याला बोल लावत होते. मात्र एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. अंडी फुटली हे खरे, पण त्याने गणित बदलत नाही, असे ते म्हणाले. सांगायला नको वाटते, पण एवढे त्यांचे बरोबर होते. अंडी अखंड राहिली असती, तरी त्या अर्ध्या तासाचे कोडे सुटणार नव्हतेच.

शुक्रवारी मालकीणबाईंच्या कानावर सदतीस ट्रे गेले. त्यांनी भाच्याला बोलावून काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण संध्याकाळी भाचेसाहेब टेम्पोपाशी आले तेव्हा त्यांचा आवाज मऊ होता. मामा, तुम्ही वीसनेच जा, म्हणाले. सहीही नको. झाले गेले विसरून जाऊ, तुमचा अर्धा तास माफ.

दुसरा कुणी असता तर हुश्श म्हणून घरी गेला असता. मलाही क्षणभर तसेच वाटले. मामांनी मात्र किल्ली खिशात टाकली, खाली उतरले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

"जो मी घेतलाच नाही, तो तुम्ही माफ कसा करता?" मामा म्हणाले.

भाचेसाहेब आल्या वाटेने परत गेले. फळ्यावरचा कागद तसाच राहिला.

शनिवारी सकाळी एकशेवीस ट्रे चढले. मामा आत येऊन बसले. साडेसात वाजले आणि त्यांनी किल्ली फिरवली नाही. पावणेआठ झाले. आठ झाले. लोक जमू लागले. भाचेसाहेब धावत आले, दुकानदाराचे फोन येत आहेत म्हणाले. मामांनी दोन्ही हात स्टिअरिंगच्या चक्रावर ठेवले होते आणि नजर माझ्यावर. ते म्हणाले की शेंडी तुटो की पारंबी तुटो, तो अर्धा तास मला सापडेपर्यंत गाडी हलणार नाही. मी चोरला असेल तर चोर म्हणा, मी किल्ली देतो. नसेल तर फळ्यावर तसे लिहा. मधले काही मला नको.

मित्रांनो, आयुष्यभर ज्याने घाई केली नाही त्या माणसाने त्या दिवशी सगळ्यांना थांबवून ठेवले. शून्यावर उभे राहण्यात इतका ताठा असतो हे मला त्या सकाळी कळले.

सव्वाआठला दिवेवाल्या मावशी आल्या. पोल्ट्रीतल्या अंधाऱ्या खोलीत बसून प्रत्येक अंडे दिव्यासमोर धरायचे आणि आत खराब आहे का ते बघायचे, हे त्यांचे काम. दिवसाला हजारो अंडी त्यांच्या बोटांतून जात. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती. एका हातात त्यांनी दोन रिकामे ट्रे आणले होते आणि दुसऱ्या हातात कोंबड्यांच्या मक्याचे भांडे. ते सगळे त्यांनी मामांच्या शेजारच्या आसनावर, माझ्या डोळ्यांदेखत ठेवले. पाच दिवस त्या अंधारात हेच घोळवत बसल्या होत्या, असे नंतर कळले.

"भाचेसाहेब, इकडे या," त्या म्हणाल्या. "या ट्रेला खळगे किती?"

"तीस."

"आणि जायचा रस्ता तीस किलोमीटर. एक खळगा म्हणजे एक किलोमीटर समजा. जाताना एका किलोमीटरला मिनिटं किती लागतात?"

"तीन. मी स्वतः मोजलीत."

"मग प्रत्येक खळग्यात तीन दाणे टाका."

भाचेसाहेब गोंधळले, पण सगळे बघत होते. त्यांनी दाणे टाकले. तीस खळगे, नव्वद दाणे. मग मावशींनी दुसरा ट्रे पुढे सरकवला. हा येतानाचा रस्ता, म्हणाल्या, याच्या एका खळग्याला किती? भाचेसाहेब म्हणाले एक. तीस खळगे, तीस दाणे. मावशींनी दोन्ही ट्रे भांड्यात उलटे केले आणि म्हणाल्या, आता मोजा. मोजायची गरज नव्हती. नव्वद आणि तीस एकशेवीस. एकशेवीस मिनिटे म्हणजे दोन तास. बघणाऱ्यांतून कुणीतरी हळूच म्हणाले, मामांचे बरोबर निघाले.

पण भाचेसाहेब हुशार होते आणि हुशार माणूस लवकर सुटत नाही. दोन तास लागतात हे मला मान्यच आहे, ते म्हणाले. माझा प्रश्न असा, की सरासरी चाळीस असताना दोन तास का लागावेत?

"तेच तर," मावशी म्हणाल्या. "तुमची चाळीस ही काही सरासरी नव्हे. हे एकशेवीस दाणे साठ खळग्यांत सारखे वाटा. एकेकाच्या वाट्याला किती येतात?"

"दोन," भाचेसाहेब म्हणाले, आणि तिथेच त्यांचा आवाज बदलला.

"किलोमीटरला दोन मिनिटं. म्हणजे तासाला किती?"

त्यांनी बोटांवर मोजले. मग म्हणाले, "तीस."

"तीस. चाळीस नाही," मावशी म्हणाल्या. "अहो, मामा वीसच्या वेगात दीड तास असतात आणि साठच्या वेगात अर्धाच तास. दीड तासाला आणि अर्ध्या तासाला तुम्ही सारखंच मानलंत. दाणे न बघता नुसते ट्रे मोजलेत."

भाचेसाहेबांनी खिशातली डायरी काढली. एकूण अंतर साठ, एकूण वेळ दोन तास, साठ भागिले दोन तीस, असे त्यांनी लिहिलेले मी पाहिले. त्यांनी ते तीनदा लिहिले. एक सांगतो, त्या वेळी ते दाणे उधळून निघून गेले असते तर त्यांना कुणी अडवले नसते. ते फळ्यापाशी गेले, जुना कागद काढला आणि खडूने लिहू लागले. लिहून झाल्यावर जमलेल्यांपैकी एकाने ते मोठ्याने वाचून दाखवले. 'टेम्पोच्या फेरीचा सरासरी वेग तीस. अर्धा तास वाया गेलेला नाही. हिशेब माझा चुकला.' खाली त्यांची सही होती.

टेम्पोच्या दारापाशी परत येऊन त्यांनी मामांना विचारले की आता तरी निघायचे ना?

"कागद सोमवारपासून आजपर्यंत होता," मामा म्हणाले. "सहा दिवस. हेही सहा दिवस पुसायचं नाही."

भाचेसाहेबांनी मान डोलावली आणि दार उघडून शेजारी येऊन बसले. पावणेनऊ झाले होते. त्यांनी दुकानदाराला फोन लावला आणि मामांकडे पाहिले. मामा म्हणाले सव्वादहा. भाचेसाहेब फोनमध्ये म्हणाले, सव्वादहाला येतो, उशीर माझ्यामुळे झाला आहे. एवढा उशीर झाल्यावर मामा थोडे तरी दामटतील असे मला वाटले होते. पण तुम्ही मामांना ओळखत नाही. काटा लाल ठिपक्याखाली आला आणि नव्वद मिनिटे तिथून हलला नाही. सव्वादहाला आम्ही दुकानाच्या दारात होतो, आणि एकही अंडे फुटले नव्हते. भाचेसाहेब वाटभर किलोमीटरचे दगड मोजत होते. त्यांच्या मांडीवर मावशींचे मक्याचे भांडे तसेच होते.

मामांनी आणखी तीन वर्षे माझ्याकडे बघत गाडी चालवली आणि मग ते निवृत्त झाले. त्यानंतर नवी गाडी आली. तिच्यात काटाच नाही, चमकणारे आकडे आहेत. मला शेडमागे उभे केले. कुणी पुसायला आले नाही, कुणी किल्ली फिरवली नाही. पहिले वर्ष जड गेले, हे मान्य करतो. मग ती कोंबडी राहायला आली आणि जरा सोबत झाली.

परवा दोन माणसे टेम्पो विकत घ्यायला आली. एकाने माझी तडकलेली काच बोटाने पुसली आणि खालची चाके वाचली. तीन लाख शहाण्णव हजार दोनशे सात. फार पळालेली गाडी आहे, तो म्हणाला, असा आकडा पाहिला तर पुढे कुणी घेणार नाही. पण काळजी नको, मी चाके मागे फिरवून नव्वद हजारांवर आणून ठेवतो, हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे. त्याने खिशातून छोटा पेचकस काढला आणि तो माझ्या कडेला लावला.

एकोणीस वर्षांत मला जो संताप आला नव्हता आणि त्या बुधवारी आला होता, तोच पुन्हा आला. नव्वद हजार! म्हणजे तीन लाखांहून जास्त किलोमीटर झालेच नाहीत? त्या खडीतून मामांनी डोळे ताणून काढलेल्या सकाळी, फाट्यावर उभ्या राहिलेल्या नर्सबाईंची चार मिनिटे, दर किलोमीटरला तीन मिनिटे देऊन मिळवलेला रस्ता, हे सगळे एक माणूस पेचकसाने पुसणार होता. आणि मला, नेहमीप्रमाणे, तोंड नव्हते.

भाचेसाहेब दाराशी उभे होते. आता त्यांचे केस पिकले आहेत, पोल्ट्री त्यांचीच आहे, डायरी मात्र अजून खिशात असते. त्यांनी हात पुढे करून पेचकस बाजूला केला.

"गाडी द्यायची नाही," ते म्हणाले. "या काट्यावर मी एकदा खोटा आळ घेतलाय. त्याला खोटं बोलायला मी लावणार नाही."

ती माणसे निघून गेली. भाचेसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि माझी काच नीट पुसली, लाल ठिपक्याभोवती जरा जपून. मग दार लावून तेही गेले.

तेव्हा मित्रांनो, जुन्या काट्यांना तेलपाणी करा, त्यांच्या काचा पुसा, एवढे सांगून मी थांबणार नाही. कुणी हळू चाललेला दिसला, तर त्याच्या पाठीवर काय लादले आहे ते आधी बघा, अंतर मोजा, वेळ मोजा, आणि मगच त्याच्याबद्दल फळ्यावर लिहायला खडू उचला. मी इथेच आहे. मला गंज चढेल, माझी काच उद्या गळून पडेल, कोंबडी माझ्या डोक्यावर बसेल. पण तीन लाख शहाण्णव हजार दोनशे सात हा आकडा आम्ही एकेक किलोमीटर करून मिळवला आहे, आणि तो एकानेही कमी होणार नाही.